मुकादमांचे तीन ढीग

मुकादमांना राजधानीची किळस आली ती बसमधून पाय खाली टाकताच, कारण पाय पडला तो कशात पडला हे त्यांना खाली न बघताच कळलं. लेक घ्यायला आली होती. तिची ख्यालीखुशाली विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, की इथं झाडू मारायचं काम कुणाकडे आहे. लेक हसली आणि त्यांची पिशवी उचलून चालू लागली.

एकतीस वर्षं त्यांनी आपल्या लहानशा गावात सफाईची मुकादमी केली होती. गावाची नाडी गटारात लागते, असं त्यांचं म्हणणं. त्या हिशेबानं हे एवढं अवाढव्य शहर कधीच मरून कुजायला लागलं होतं. भिंतीभिंतीवर पिचकाऱ्या, पायाखाली माशांची आतडी, केसांचे गुंतवळ, आणि त्यातून नट्टापट्टा करून कामाला निघालेली माणसं. कुणी नाकाला रुमालसुद्धा लावत नव्हतं. मुकादमांना घाणीपेक्षा या नाकांची जास्त शिसारी आली.

लेक औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायची. अकरा मुलींबरोबर एका हॉलमध्ये दोन वर्षं काढल्यावर तिला ही तळमजल्यावरची स्वतंत्र खोली मिळाली होती, तीही घरमालकिणीच्या हातापाया पडून. गल्लीतून एक तक्रार आली की खोली खाली, अशी अट होती. खिडकी होती, पण ती बरोबर गटारावर. वासापायी उघडायची सोय नव्हती. पहिल्या दोन जेवणांना मुकादमांच्या घशाखाली घास उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी लेक कामावर गेली आणि मुकादमांना राहवेना. जिन्याखाली एक मोडकं फावडं सापडलं. धोतर खोचून ते गटारात उतरले. गाळ, चिंध्या, एक अख्खी उशी, एक बूट, आणि ज्याचं नाव घेऊ नये असं पुष्कळ काही त्यांनी उपसलं आणि रिवाजाप्रमाणे वीस-वीस पावलांवर तीन ढीग घातले. पाणी खळखळ वाहू लागलं. तीनदा साबण लावून ते खोलीत आले, खिडकी सताड उघडली आणि पोटभर जेवले.

त्यांच्या गावी गाळ एक रात्र निथळायला ठेवायचे आणि सकाळी आठच्या आत गाडी तो उचलून न्यायची. एकतीस वर्षांत गाडी चुकली नव्हती. गाडीवाला त्यांना टरकून असायचा. इथं गाडी येते का, हे कुणाला विचारावं, असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. सूर्य उगवतो का, असं कोण विचारतं?

गाडी आली नाही. त्या दिवशी नाही आणि पुढच्या दिवशीही नाही. ऊन लागून ढीग उमलले, माश्या घोंगावू लागल्या, कुत्र्यांनी उशी दारोदार फिरवली. वर्षानुवर्षं ज्या घाणीच्या कडेनं ही मंडळी सुखानं चालत होती, तीच वर आल्यावर आता सगळे नाकानं कांदे सोलू लागले. घरमालकीण खाली उतरली. तिनं लेकीला बजावलं, की संध्याकाळपर्यंत हे गेलं नाही तर उद्या खोली सोडायची.

लेक रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, ते उचला," ती म्हणाली. "कुठं टाकायचं ते मला विचारू नका. मला माहीत नाही." आणि ती कामावर गेली.

घमेलं डोक्यावर घेऊन मुकादम निघाले. सफाई चौकीवरच्या माणसानं ती गल्ली आपल्याकडे येत नसल्याचं सांगितलं. कोणाकडे येते, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या कचराकुंडीवर रखवालदार काठी घेऊन उठला. शेजारच्या गल्लीत बायकांनी शिव्या घातल्या. दुपार टळली तरी घमेलं भरलेलंच. शेवटी दारात बसलेल्या एका म्हातारीला त्यांची दया आली.

"अहो, काढलंत तिथंच घाला की परत," ती म्हणाली. "सगळे तेच करतात."

मुकादम घमेलं घेऊन गल्लीत परत आले. मग त्यांनी फावडं घेतलं आणि एकेक ढीग गटारात लोटला. शेवटी उशी पायानं दाबून बसवावी लागली. पाणी थांबलं. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी समाधानानं बघितलं, आणि घरमालकीण वरून म्हणाली, की तुमच्या गावच्या माणसांना स्वच्छतेची चांगली समज आहे.

लेक आली. गल्ली बघून तिचा जीव भांड्यात पडला. तिनं भराभर स्वयंपाक केला, खिडकी लावून घेतली आणि ताट पुढं सरकवलं. मुकादमांनी आयुष्यभर लोकांची घाण उपसून त्याच हातांनी भाकरी मोडली होती आणि त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आज तू भरव," ते म्हणाले.

लेकीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि घास केला.