मी काढू दिलेली लाल चिठ्ठी

आज मी जो काही आहे, तो कुरुळीजवळच्या एका कारखान्यातल्या लाइन सुपरवायझरमुळे. सगळे त्यांना मामा म्हणत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली कंत्राटी कामगार होतो, तेव्हा संध्याकाळचं कॉलेज बुडू नये म्हणून तीन वर्षं त्यांनी मला पहिलीच पाळी दिली. त्यांचा एक नियम होता. तपासणी न झालेल्या मालाला लाल चिठ्ठी लावायची आणि ज्यानं लावली त्यानंच ती काढायची.

सॉफ्टवेअर कंपनीत लागल्यावर हा नियम मी बरोबर नेला. तिथं दर दोन आठवड्यांनी ग्राहकाला काम दाखवायचं असे. भिंतीवरच्या बोर्डावर प्रत्येकाच्या कामाचं कार्ड, आणि रोज सकाळी त्यासमोर उभ्यानं मीटिंग. आमचा मॅनेजर माझी पाळी आली की म्हणायचा, "हं, आता वर्कशॉपवाले बोलतील." सगळे हसायचे. उशीर त्याच्यामुळे झाला तरी ग्राहकाला मेलमध्ये माझं नाव जायचं. मी प्रत्येक मेल जपून ठेवला होता.

मग मामांच्याच कारखान्याचं काम आलं. सुटे भाग स्कॅन करून नोंदवायची स्क्रीन. दोन कामगारांनी एकाच क्षणी स्कॅन केलं की ती गोठायची. मी हा दोष लिहून कार्डावर लाल चिठ्ठी लावली.

"हे काय?"

"सर, अजून टेस्टिंग व्हायचंय."

"ही कंपनी आहे भावा, गॅरेज नाही." त्यानं चिठ्ठी ओढली, चुरगाळून टाकली आणि कार्ड 'पूर्ण'च्या रकान्यात सरकवलं.

तो जेवायला गेल्यावर मी कचऱ्याच्या डब्यातून चिठ्ठी उचलली आणि सरळ करून पाकिटात ठेवली. ग्राहकासमोर तो तोंडावर पडणार होता, आणि मला ते पाहायचं होतं.

ग्राहक मात्र म्हणाला, थेट लाइनवर दाखवा. कारखान्यात पोचलो तर स्क्रीनपुढे मामा उभे. निवृत्तीला चार महिने राहिलेले. मला पाहून ते हसले. त्यांनी एका बाजूनं स्कॅन केलं, त्याच क्षणी पलीकडून दुसऱ्यानं. स्क्रीन गोठली, लाइन थांबली.

मॅनेजर हसत म्हणाला, "काका, हळू दाबा. स्क्रीन आहे, हातोडा नाही."

प्लांटचे साहेब म्हणाले, "मामा, ट्रेनिंगला नव्हता का तुम्ही?"

मामांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

मी पाकिटातली चिठ्ठी काढून स्क्रीनवर चिकटवली. "साहेब, चूक मामांची नाही. हा दोष मी लिहून लावला होता. आमच्या सरांनी चिठ्ठी काढून काम पूर्ण दाखवलं." मग स्क्रीन पुन्हा सुरू केली, एक स्कॅनर मॅनेजरच्या हातात दिला, दुसरा मी घेतला. "सर, एकदम."

स्क्रीन गोठली.

"हळू दाबा सर. हातोडा नाही."

आख्खी लाइन हसली. त्याचे कान लाल झाले होते. ते कान आठवले की मला अजून बरं वाटतं. आठवड्याभरात त्याला त्या कामावरून काढलं. जपून ठेवलेले मेलही मी वर पाठवले होते.

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मामांनी एवढंच विचारलं, "चिठ्ठी तुझी व्हती ना? त्यानं काढली तवा तू काय करत व्हतास?"

मी चहा आणायला उठलो. उत्तर नंतर पत्रानं पाठवलं.

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार.

त्यानं चिठ्ठी काढली तेव्हा मी बघत उभा होतो. मनातून खूश होतो. लाइनवर तुम्ही असणार, हे मला निघतानाच गाडीत कळलं होतं. तेव्हाही मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तो वाचला असता. त्याच्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाटून घे असं सांगू नका, जमणार नाही. पण सगळ्यांसमोर तुम्हाला बोटांकडे बघायला लागलं, ते त्याच्याइतकंच माझ्यामुळे.

दोष आता दुरुस्त केला आहे. दोन्ही स्कॅनर एकदम चालवून पाहिले. तरी चिठ्ठी काढलेली नाही. सोमवारी पहिल्या पाळीला येतो. तुम्ही तपासा, मग मी काढीन.

आपला,
पहिल्या पाळीचा पोरगा