सेल्फ जळालेला नव्हता

टोकावड्याला मावशीकडे साखरपुडा होता. आई, धाकटा भाऊ आणि मी आमच्या गाडीनं गेलो होतो. गाडी वडिलांची, पूर्वी मुंबईत काळ्या-पिवळ्या टॅक्सीला असायची तसल्या बनावटीची. वडील गेल्यापासून ती मीच चालवते. सापगावला माझी रोपवाटिका आहे. मागची सीट काढून मी तिच्यातून आंब्याची, चिकूची कलमं नेते, आणि पाहुण्यांकडे जायचं झालं की सीट परत बसवते.

दुपारी जेवणं आटोपून निघालो. चावी फिरवली तर बॉनेटखाली नुसता टक आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. इंजिन फिरेना. मी हेडलाइट लावून परत चावी फिरवली. दिवे जराही मंद झाले नाहीत. म्हणजे बॅटरी ठीक होती, पण तिचा करंट स्टार्टरच्या मोटरला, आमच्याकडे जिला सगळे सेल्फच म्हणतात तिला, फिरवत नव्हता. पाच-सहा वेळा प्रयत्न करून चोक, म्हणजे इंजिन थंड असताना डॅशबोर्डवरून बाहेर ओढायची दांडी, आत ढकलायला गेले तर तिचा चटका बसला. चोकची दांडी कधी गरम होत नाही. मला ते विचित्र वाटलं आणि मी भावाला तसं म्हटलंही.

तोवर मांडवातले पुरुष गोळा झाले होते. मी स्टीअरिंगवर बसलेली असताना सगळे विचारत होते भावाला. त्याला गाडीत पेट्रोल कुठून भरतात यापलीकडे काही माहीत नाही. तरी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "सेल्फ गेला वाटतं." कुणीतरी मला म्हणालं, "ताई, तुमी खाली उतरा, एखादा बाप्या बसू दे." मी उतरले नाही. त्यांनी धक्का मारला, मी गिअर टाकून क्लच सोडला, गाडी सुरू झाली. भावानं ठरवून टाकलं की घरी जाण्याआधी मुरबाडला गॅरेजमध्ये दाखवायची. गॅरेजवाला त्याच्या ओळखीचा होता.

गॅरेजवाल्यानं गाडी बंद करून चावी फिरवली, टक आवाज ऐकला आणि भावाकडे बघून म्हणाला, "सेल्फ जळालाय, दादा. दुसरा टाकावा लागंल."

मी म्हटलं, "चोकची दांडी गरम होते. ते आधी बघा."

तो हसला. "चोकचा नि सेल्फचा काय संबंध, ताई? तुमी आईंना घेऊन सावलीत बसा. चहा सांगतो."

चहा आला. मी तो प्यायले, याचा मला अजून राग येतो. त्यानं आमचा सेल्फ काढला, फळीवरचा दुसरा बसवला. मग स्वतःची मोठी बॅटरी आणून तिची एक वायर सेल्फला आणि दुसरी थेट इंजिनला चिमट्यानं लावली. इंजिन झटक्यात फिरलं, गाडी सुरू झाली. "बघा," तो भावाला म्हणाला. भावानं पैसे दिले. जुना सेल्फ मी मागितला, तर म्हणाला, "जळालेल्या सेल्फचं काय करणार? इथंच राहू दे." भाऊ म्हणाला, "चल गो, उशीर होतोय." मी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात चावी फिरवली. टक.

भाऊ लोकलनं कामाला गेला होता. मी तिथंच बसून विचार केला. नवा सेल्फ, चांगली बॅटरी, आणि दुखणं तेच. मग काल त्याच्याकडे गाडी कशी सुरू झाली? त्याचा तो चिमटा मला आठवला. त्यानं वायर थेट इंजिनला लावली होती. आमच्या गाडीत बॅटरीची ती बाजू गाडीच्या सांगाड्याला जोडलेली आहे, आणि सांगाड्यापासून इंजिनपर्यंत तारांची विणलेली एक पट्टी जाते. अर्थिंगची पट्टी. सेल्फमधून गेलेला करंट त्या पट्टीनंच बॅटरीकडे परत येतो. ती वाट खराब असेल तर तो दुसरी शोधणार. इंजिनपासून डॅशबोर्डपर्यंत येणारी दुसरी धातूची तार कुठली? चोकची.

माझ्याकडे बॅटरीला जोडायच्या जाड वायरी होत्या. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगच्या बाजूला लावलं, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. गाडी न्यूट्रलला आहे ना बघितलं आणि चावी फिरवली. इंजिन असं फिरलं की पलीकडच्या कोंबड्या उडाल्या. वायर काढली, चावी फिरवली, टक. परत लावली, परत फिरलं. मी खाली वाकून पट्टी बघितली. एका टोकाला ती गंजून हिरवट झाली होती आणि चार तारांवर लोंबत होती. शहापूरहून नवी पट्टी आणली, बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली आणि पट्टी आवळली. गाडी सुरू झाली. चोकची दांडी थंडगार.

मला आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात तिडीक गेली होती. जो चिमटा त्यानं नव्या सेल्फच्या वेळी लावला, तोच आधी जुन्यासाठी लावून बघितला असता तर जुनाही फिरला असता. एवढं करायला त्याला काय लागत होतं? काही नाही. फक्त मी म्हणत होते ते ऐकावं लागलं असतं.

रविवारी मुरबाडला जायला निघाले तर आईनं भावाला सोबत धाडलं. "बाईमाणूस एकटी कुठं भांडायला जाते?" ती म्हणाली. मी भांडायला जात नव्हते.

गॅरेजवाल्यानं मला बघून भावाला विचारलं, "काय झालं, दादा?"

"गाडी माझी आहे," मी म्हटलं. "माझ्याशी बोला. अर्थिंगची पट्टी तुटली होती, ती मी बदलली. तुमचा सेल्फ काढून घ्या नि माझा परत लावा."

"तो तर भंगारात दिला."

मी त्याच्या मागच्या फळीकडे बघत होते. तिथं तीन-चार सेल्फ ओळीनं मांडलेले होते, चंदेरी रंग मारलेले. त्यातल्या एकाच्या बोल्टाच्या कानाला वेल्डिंगची गाठ होती. तो कान माझ्या डोळ्यांदेखत तुटला होता आणि वडिलांनी जोडून आणला होता. मी तो उचलून जमिनीवर ठेवला. हाताला रंग लागला.

"हा जळालेला ना? मग लावा बॅटरी."

"ताई, कशाला उगाच? गाडी चालतेय ना तुमची?"

"लावा."

भाऊ माझ्या कोपराला धरून म्हणाला, "सोड ना, पैसे गेले तर गेले." मी हात सोडवून घेतला. मग स्वतःच गाडीतून वायरी आणल्या, त्याच्या बॅटरीला जोडल्या, सेल्फ पायाखाली दाबून धरला आणि वायर टेकवली. सेल्फ पायाखालून निसटू बघत गरगरला.

बाकड्यावर एक म्हातारे शेतकरी त्यांचा टेम्पो दुरुस्त व्हायची वाट बघत बसले होते. ते उठून फळीपाशी आले. "माझा पण परवा जळाला म्हणून काढलास ना रे?" ते त्याला म्हणाले. "त्यो कुठंय? त्याला पण लाव बॅटरी." त्याचं उत्तर ऐकायला मी थांबले. तो त्यांना म्हणाला, "बाबा, तुमचं नंतर बघू." ते तिथंच उभे राहिले.

त्यानं माझा सेल्फ परत बसवला आणि घेतलेले पैसे भावाच्या हातात ठेवले. तो बोल्ट आवळत असताना मी सगळा वेळ शेजारी उभी राहिले, आणि त्याचा चहा नको म्हणाले. निघताना तो भावाला म्हणाला, "तुमची बहीण लय डोकं खाते, दादा." भाऊ हसला. परतीच्या वाटेवर किन्हवलीला तो म्हणाला, "बरोबर होतीस तू. पण चारचौघांत एवढं ताणायचं नसतं."

"त्यानं चारचौघांतच मला सावलीत बसवलं होतं," मी म्हटलं. "तेव्हा तू काय बोललास?"



आठवड्याभरात मावशीचा फोन आला. टोकावड्यापर्यंत बातमी गेली होती. "मुरबाडच्या गॅरेजवाल्याशी जाऊन भांडलीस म्हणे गो?"

"भांडले नाय, मावशी," मी म्हटलं. "माझी वस्तू त्याच्याकडे होती. ती आणायला गेले होते."