नाही म्हणायची तालीम

संशोधनाची नैतिकता तपासणाऱ्या समितीच्या सदस्यांना मी शिकवते, असं सांगितलं की तिगावचे माझे नातेवाईक 'बरं बरं' म्हणून पंख्याकडे बघतात. काम तसं सरळ आहे. कुणाला माणसांवर अभ्यास करायचा असेल, तर त्या माणसांवर जबरदस्ती होत नाही ना, हे समितीने आधी बघायचं. पांढुर्ण्याच्या समितीत काही डॉक्टर, एक वकील आणि सामान्य लोकांच्या बाजूने सौंसरच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना सगळे बाईच म्हणत.

पहिल्या दिवशी मी नियम वाचत नाही. एकेकाला समोर बसवते, अभ्यासासाठी रक्त मागते, आणि त्याने फक्त नकार द्यायचा. आमच्याकडे हीच परीक्षा अवघड. दारी आलेल्याला तोंडावर नाही कसं म्हणायचं? वकीलसाहेबांनी जामसांवलीच्या हनुमानाला पुढे केलं. मंगळवारी रक्त देत नाही म्हणाले. बाईंनी तर हातच पुढे केला. "इतक्या दुरून आल्या तुम्ही. घ्या जी."

मी चिडले. स्वतःला नकार देता येत नाही, तर दुसऱ्याच्या नकाराची राखण काय करणार, असं फटकन बोलले. जाताना बाई म्हणाल्या, "मी शिकून राहिली मॅडम. थोडा टाइम द्या."

पुढे पहिला प्रस्ताव आला तो गावच्या जुन्या, देवमाणूस डॉक्टरांचा. कापूस वेचणाऱ्या बायांच्या अंगात फवारणीचं औषध किती भिनतं, ते त्यांना रक्त घेऊन तपासायचं होतं. काम चांगलंच होतं. बायांना शेतमालक ट्रॉलीत बसवून आणणार होते. डॉक्टरांशी कुणाचा संबंध आहे का, मी नियमाप्रमाणे विचारलं. सगळ्यांचे हात वर. सगळेच त्यांचे पेशंट! बाईंच्या नवऱ्याला तर त्यांनी मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं. समोर बसलेल्या डॉक्टरांदेखत चर्चा सुरू झाली आणि नंदीबैलासारख्या माना हलायला लागल्या.

"डॉक्टरसाहेब," बाई म्हणाल्या, "मालकासमोर कोणती बाई नाही म्हणन? मंग दुसऱ्या दिवशी तिले वेचाले कोण बोलावन?"

डॉक्टर हसले. "माझ्यावर भरवसा नाही का, बाई?"

 बाईंनी दोन्ही हात मांडीवर दाबून धरले.

"तुमच्यावर लय भरवसा आहे जी. पण असं नाही होऊ द्यायची मी. नाही."

 घरच्यासारखा डॉक्टर बाईंनी आता गमावला, असं मला वाटलं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "मग कसं करू?"

"तिच्या घरी जा. मालक संग नको."

डॉक्टर गेले. पहिल्या दिवशी मीही सोबत होते, सावरगावात. पहिल्याच घरच्या बाईने चहा ठेवला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नाही देत जी मी रक्त." डॉक्टर 'बरं' म्हणाले आणि आम्ही चहा पिऊन उठलो.

बाहेर येऊन त्यांनी बाईंना फोन लावला. "बाई, पहिलीच नाही म्हणाली."

बाईंचा आवाज मलाही ऐकू आला. "म्हणू शकली न?"