माहेरचं रक्त

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या मुलीचं रक्त लवकर गोठत नाही. तो आजार तिला माझ्याकडून आला आहे. घरी मात्र माझी तपासणी नॉर्मल आली, असं मी सांगितलं.

तपासणीच्या दिवशी चिंचवडच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी चाकणचा एक कामगार बसला होता. अंगात कंपनीचा शर्ट, कोपराच्या घडीत कापूस दाबलेला. त्याच्या पोरीच्या नाकाचं रक्त थांबत नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्याचंही रक्त तपासायला सांगितलं होतं. तो सारखा उठून काचेशी जायचा. आत मशीनची सुई आपोआप एकेका नळीत उतरत होती.

“बसा हो, मशीन पळून नाही जात,” मी म्हणालो.

“पळंना का राव, पण माझ्यात दोष हाय एवढं सांगून पळू दे,” तो हसला. “आमची म्हातारी रोज बायकोला म्हणती, तुझ्या माहेरचं रक्तच नासकं. माझ्यात निघालं, की म्हातारीचं तोंड तरी बंद हुईल.”

मी मान खाली घातली. माझी आईही माझ्या बायकोला हेच ऐकवत होती.

त्याचं पुढे काय निघालं, माहीत नाही. माझं निघालं ते मी लपवलं. आई अजून बोलते, बायको अजून ऐकून घेते. बायकोच्या देखत आईला खरं सांगणं, एवढं देणं माझ्यावर अजून आहे.