हवेला भिणारे मामा

आमचे मामा हवेला भ्यायचे. उघड्या माळावर मेंढरं राखत वाढलेला हा माणूस साप शेपटीला धरून बांधापलीकडं टाकायचा. पण रोज सकाळी हरितगृहात शिरताना काठीच्या टोकाला पेटता कंदील बांधून, तो जमिनीलगत पुढं धरून, दबकत दबकत आत जायचा. भरदिवसा कंदील म्हणून गाव हसायचं.

ही भीती त्यांनी स्वतःच घरी आणली होती. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मळी आंबवताना सुटणारा कर्बवायू टाक्यांत भरून मिळायचा. सकाळी हरितगृहाचे पडदे उघडण्याआधी तो थोडा आत सोडला, की ढोबळी मिरची अशी तरारायची की बघत राहावं. "झाडाचं जेवान हाय ते," मामा म्हणायचे, "पर आपलं मरान हाय. दिसत न्हाई, वास न्हाई, गप खाली बसून ऱ्हातंय."

त्यांचे वडील हळदीच्या पेवांत उतरायचे. जमिनीखालच्या त्या कोठारात आधी कंदील सोडायचा, तो जळत राहिला तरच माणूस उतरायचा. तीच रीत मामांनी इथं लावली. त्यांनी "जावा आत" म्हटल्याशिवाय आम्हा तोडणीच्या बायकांना पाऊल टाकायची सोय नव्हती. मामी मात्र वैतागायची. "आवं, एवढं भ्या वाटतंय तर शेणखत घाला की!"

एकदा वायूच्या टाकीची चावी ढिली राहिली. मामांनी दाराजवळच्या ठिबकच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात कंदील सोडला आणि तो विझला. ते चावी आवळायला बाहेर धावले. सकाळच्या पारी दिवा विझलेला मामीला कसा खपणार? ती गुडघे टेकून खड्ड्यात वाकली आणि काडी ओढली. काडी भडकली आणि गेली. दुसरीही गेली. "काड्या सर्दावल्यात जनू," म्हणत ती आणखी खाली वाकली. मी दारातून नुसती बघत राहिले.

मामांनी मागून येऊन तिला दंडाला धरून फरफटत बाहेर काढलं. ती धापा टाकत होती. ते तिच्याशेजारी मातीतच बसले. "माज्या आदी जायाची घाई झाली व्हय तुला?" एवढंच बोलले. त्यानंतर कंदिलात तेल मामीच घालू लागली. मी तर अजून कुठंही खाली वाकायच्या आधी थांबते.

यंदा मामा गेले, झोपेतच. ते निजायचे त्या जागी जमिनीवर दिवा ठेवला होता. दहाव्यापर्यंत तो जपायचा असतो. एका दुपारी दारातून वाऱ्याचा झोत आला आणि दिवा विझला. सून काडेपेटी घेऊन वाकली, तशी मामीनं तिचा हात धरला, माझा धरला, आणि दोघींना ओढत अंगणात आणलं. वाराच होता, हे तिला कळत होतं, मलाही कळत होतं. तरी आम्ही अंगणातच थांबलो.

शेवटी मी म्हणाले, "मामी, चल आत. काही नाही."

ती उंबऱ्याकडं बघत राहिली.

"जाऊ की," म्हणाली, "पर जावा आत म्हननारं मानूस कुटं हाय?"