साफ झालं एकदाचं

आमच्या डाळजच्या घराचा संडास परसात आहे. गेल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात मला तिथंच कळ आली आणि त्याच दिवशी इंदापूरच्या एका दवाखान्यात माझी पिशवी साफ केली. आमच्याकडं असंच म्हणतात. मूल गेलं, असं कुणी म्हणत नाही.

म्हणून या खेपेला पाचव्या महिन्यात शौचाला होईना, तेव्हा मी कुणाला सांगितलंच नाही. रक्तवाढीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि पोटाचा नुसता दगड झाला. जायचे, बसायचे, एका हातानं ओटीपोट धरायचे आणि जोर लावायची वेळ आली की उठून यायचे. जोर केला आणि बाळच आलं तर? शाळेत मी पोरांना फळ्यावर पचनसंस्था काढून दाखवते. पण शिकलेल्या बाईला भीती कमी वाटते, असं कुणी सांगितलं?

तपासणीला बारामतीला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "पोट साफ होतं का?"

साफ म्हटल्याबरोबर मला इंदापूरचा तो दवाखाना आठवला. "होतं की," मी म्हणाले. धडधडीत खोटं. घरी आल्यावर गोळ्याही गुपचूप बंद केल्या.

पण सासूबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. सहाव्या दिवशी त्या संडासाच्या दारातच उभ्या.

"आत वह्या तपासतीस का गं? किती दिस झालं?"

"सहा."

"आन् मला सांगत न्हाईस व्हय!"

मला रडू फुटलं. जोराची भीती, बंद केलेल्या गोळ्या, सगळं सांगून टाकलं. त्यांना एरंडेल आठवलं, पण मनानं काही द्यायला त्यासुद्धा घाबरल्या. त्यांनी मला डॉक्टरीणबाईंना फोन लावायला लावला. बाई रागावल्या, मग समजावून म्हणाल्या, "शौचाला जोर केला म्हणून बाळ पडत नसतं. मागच्या वेळी तुमची काही चूक नव्हती. उगीच कुंथत मात्र बसू नका. पाणी वाढवा, पालेभाज्या, फळं खा, थोडं चाला. पातळ औषध लिहून पाठवते. आणि गोळ्या उद्यापासून पुन्हा सुरू."

तुमची काही चूक नव्हती. वर्षभरात हे मला कुणीच म्हणालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पोट मोकळं झालं. बाळ जागच्या जागी होतं. सासूबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी लगेच लेकाला फोन लावला. आमचे हे इंदापूरला तहसील कचेरीत कारकून आहेत.

"अरं, झालं बाबा साफ तिचं एकदाचं!" एवढंच ओरडल्या आणि फोन ठेवून दिला.

तासाभरात मोटारसायकल अंगणात. मी ओट्यावर पेरू खात बसले होते. हेल्मेट न काढता हे तसेच उभे राहिले, माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं बघत.

"कुठल्या दवाखान्यात…" एवढंच बोलले.

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "आरं मेल्या, पोट! पोट साफ झालं तिचं!"

मला हसू आवरेना. पण हे हसले नाहीत. पायरीवर बसले आणि हेल्मेटच्या आत हुंदके द्यायला लागले. गेल्या वर्षी हा माणूस रडला नव्हता. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेला होता, आणि त्याचा राग मी वर्षभर मनात धरला होता. मी शेजारी बसून हेल्मेटचा पट्टा सोडवला.

"मागल्या टायमाला दवाखान्यात कागदावर सही मी केली," हे म्हणाले. "सगळ्या वाटंनं तेच डोक्यात. आज परत सही मागितली, तर माझ्यानं व्हायची न्हाय."