सड्यावरचं विमान आणि माझ्या गाडीतली देवी

माझी मुलगी सई पहिल्यांदाच एकटी विमान उडवणार, हे कळलं आणि मी कोल्हापुरातून निघालोच. आदल्या रात्री चारदा हवामानाचा अंदाज बघितला, खोटं कशाला बोलू? त्यात गाडीत बसतो तर डॅशबोर्डवरची देवी गायब! आंगणेवाडीच्या जत्रेतून आणलेली, बुडाला चुंबक असलेली छोटी मूर्ती. सई सुट्टीला येऊन गेल्यावर गाडी गॅरेजात दिली होती. त्या गॅरेजवाल्यानेच ढापली, दुसरं कोण!

गगनबावड्याचा घाट सकाळी लवकर उतरा, ट्रक कमी लागतात. कणकवली-कसालमार्गे जेवायच्या वेळेला, सई शिकते त्या भागात, तोंडवलीत पोचता येतं. घरगुती निवासात उतरलो. थाळीचा दर आधी विचारला, मग सुरमईचे कल्ले उघडून बघितले. मालकीणबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "मासो ताजो आसा. तुमका देवाचोय संशय येता काय?" सार मात्र असं की दोनदा भात मागितला.

दुसऱ्या सकाळी सईच्या फ्लाइंग स्कूलच्या धावपट्टीवर गेलो. ती सड्यावर आहे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर. टोपी न्या, सावली नाही. विमान बघितलं. एवढंसं! नाझनीन नावाच्या इंजिनिअर बाई मनगटाला वायरीचा पट्टा बांधून रेडिओचा डबा बसवत होत्या. मी वाकलो तशा ओरडल्या, "हात नको! अंगातली वीज पिनेला लागली की डबा आतून मरतो, बाहेरून पत्ता लागत नाही." मला ते जंतरमंतरच वाटलं.

सई आत बसली आणि लगेच उतरली. पडद्यावर एक दिशा, होकायंत्रात दुसरीच. नाझनीनबाईंनी उड्डाण थांबवलं.

"कालपर्यंत ठीक होतं ना? आज तुम्हीच उघडलंत," माझा आवाज चढला.

त्या चिडून मालवणीत आल्या. "व्हय, मीच उघडलंय. म्हणानच शोधतंय!"

त्यांनी होकायंत्राखाली हात घातला आणि चिकटपट्टीने डकवलेलं काहीतरी ओढून काढलं. माझी देवी!

"देवीक हात जोडूया," त्या म्हणाल्या, "पण चुंबक हंय चलाचा नाय."

मी सईकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते.

"सुट्टीत तुमच्या गाडीतून घेतली होती. आज शेजारी शिकवणारे सर नसणार ना, म्हणून सकाळीच लावली. भीती वाटत होती, बाबा. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही शिकणंच बंद केलं असतं."

गॅरेजवाला, सुरमई, नाझनीनबाई, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. पोरगी घाबरली असेल, ही शंका मात्र कधी आली नाही. काखेत कळसा, गावाला वळसा!

मी नाझनीनबाईंची माफी मागितली. त्यांनी होकायंत्र पुन्हा तपासलं, दिशा जुळली. सईने देवी माझ्या हातात दिली आणि एकटी गेली. ती उतरेपर्यंत मी मूर्ती मुठीत धरून उभा होतो.

आता देवी परत गाडीत आहे. सईचा फोन आला की मी "सगळं ठीक ना?" असं विचारत नाही, "भीती वाटली का?" असं विचारतो.

परवा म्हणाली, "थोडी वाटली. तुम्हाला?"

"मला रोजच वाटते, बाळा."